अंकांची पत्रपेटी : सगळ्या सभासदांचा एकच फोन नंबर

पत्र पहिले

आमच्या गावच्या वाचनालयाची सभासद-यादी यंदा पाडव्याला वहीतून संगणकावर चढवली. ओळखीच्या एका मुलाने त्यासाठी सॉफ्टवेअर करून दिलं. एकूण ३१२ सभासद. यादी छापून हातात आली तेव्हा नावं बरोबर, पत्ते बरोबर. पण मोबाइलच्या रकान्यात सगळ्यांचा नंबर एकच : २१४७४८३६४७. माझासुद्धा! मुलगा म्हणाला, "काका, तो संगणकाचा ठरलेला आकडा आहे, रकान्याचा प्रकार बदलला की जाईल." त्याने बदलला. नंबर मात्र सगळे वहीतून पुन्हा भरावे लागले. ते काम संपलं, पण आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. हाच आकडा का? याच्यात काही गणित आहे, की कुणीतरी कधीतरी ठरवून टाकलेला आहे?
— एक ग्रंथपाल, पंढरपूर तालुका

उत्तर

आपलं पत्र वाचलं आणि उठून कपाटातून पाठकोऱ्या कागदांची एक चळत काढली. वरच्याच कागदावर हा आकडा आहे. १९८१ सालच्या मे महिन्यातला, आठवीतल्या एका मुलीच्या अक्षरातला. तिच्याकडे येतेच. आधी आपल्या यादीचा उलगडा करू.

संगणक कोणतीही संख्या ० आणि १ या दोनच अंकांत लिहितो. साध्या पूर्ण संख्येसाठी ३२ घरं राखून ठेवायची रीत बरीच जुनी आहे. त्यातलं एक घर संख्या अधिक की उणे हे सांगण्यात जातं, उरतात ३१. पहिल्या घराची किंमत १, दुसऱ्याची २, तिसऱ्याची ४, पुढे ८, १६, अशी दुप्पट होत जाते. समजा, १ जानेवारीला तुम्ही डब्यात एक रुपया टाकलात, २ तारखेला दोन, ३ तारखेला चार, आणि रोज आदल्या दिवसाच्या दुप्पट टाकत राहिलात. ३१ तारखेला एकट्या त्या दिवसाचे १,०७,३७,४१,८२४ रुपये होतील. महिन्याभराची सगळी बेरीज केलीत तर डब्यात असतील २,१४,७४,८३,६४७ रुपये. दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. हाच तुमचा आकडा. १ फेब्रुवारीला टाकायची रक्कम या सगळ्या बेरजेहून बरोबर एक रुपयाने जास्त असते, म्हणून गणितात याला '२ चा ३१ वा घात वजा १' म्हणतात.

आपल्याकडचा मोबाइल नंबर दहा आकडी असतो आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो. संख्या म्हणून वाचला तर लहानात लहान नंबरसुद्धा ६०० कोटींच्या घरात जातो. रकान्यात मावतात जेमतेम सव्वादोनशे कोटीसुद्धा नाहीत. काही यंत्रणा अशा वेळी चूक दाखवून थांबतात. काही मात्र न बोलता, रकान्यात मावेल ती मोठ्यात मोठी संख्या लिहून मोकळ्या होतात. ३१२ जणांच्या बाबतीत तेच झालं. माझ्या मते चूक आकड्याची नव्हती, रकान्याची होती. फोन नंबरांची कुणी बेरीज करत नाही, सरासरी काढत नाही. तो नावासारखाच अक्षरांच्या रकान्यात लिहायला हवा.

आता तुमचा खरा प्रश्न. ३२ घरं घ्यायची हे माणसांनी सोयीसाठी ठरवलं, हे खरं. पण ३१ घरं भरल्यावर जी संख्या तयार होते तिचा स्वभाव कुणी ठरवलेला नाही. ती मूळ संख्या आहे. १ आणि ती स्वतः सोडून तिला दुसऱ्या कशानेही भाग जात नाही.

यात नवल काय ते शेजाऱ्यांकडे पाहिल्यावर कळतं. हिच्याहून एकने मोठी संख्या २१४७४८३६४८. ती म्हणजे नुसते दोन, ३१ वेळा एकमेकांशी गुणलेले. एकने लहान संख्या २१४७४८३६४६. तिचे तुकडे आठवी-नववीच्या मुलांना तोंडी पाडता येतात. आधी २ बाहेर काढा, उरतो २ चा ३० वा घात वजा १. हा झाला ३२७६८ चा वर्ग वजा १, म्हणजे ३२७६७ गुणिले ३२७६९. पहिला तुकडा ७ × ३१ × १५१, दुसरा ३ × ३ × ११ × ३३१. बाहेर काढलेला २ आणि हे सगळे तुकडे यांचा गुणाकार करून पाहा, संख्या परत मिळते. अलीकडची संख्या अशी चुरा होते, पलीकडची नुसत्या दोनांची, आणि दोघींच्या मध्ये ही, कशानेच न तुटणारी. मी तीस वर्षांहून अधिक काळ गणित शिकवलं. फळ्यावर या तीन संख्या एकाखाली एक लिहिताना दर वर्षी मला तोच आनंद झाला.

पण 'तुटत नाही' हे म्हणायचं कशाच्या जोरावर? १६४४ साली मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने यादी दिली : २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ हे घात घेऊन एक वजा केला तर मूळ संख्या मिळते, आणि २५७ पर्यंत दुसऱ्या कशाने मिळत नाही. अशा संख्यांना आज त्याच्याच नावाने ओळखतात. यादी पूर्ण बरोबर नव्हती. ६७ आणि २५७ चुकीचे निघाले; ६१, ८९ आणि १०७ राहून गेले होते. २ चा ६७ वा घात वजा १ म्हणजे १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७, हे न्यूयॉर्कमध्ये गणितज्ञ कोल यांनी दाखवलं तेव्हा १९०३ साल उजाडलं होतं. घात मूळ संख्या असला म्हणजे काम झालं असंही नाही. ११ घ्या. २ चा ११ वा घात २०४८, त्यातून १ गेला, २०४७. दिसायला घट्ट, पण २३ × ८९ असे दोन तुकडे होतात.

मग ३१ चं काय? हे ठरवलं स्विस गणितज्ञ लिओनार्ड ऑयलरने. १७७२ साल, मुक्काम सेंट पीटर्सबर्ग. तेव्हा त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. २१४७४८३६४७ मूळ आहे हे त्याने बर्नुली घराण्यातल्या एका गणितज्ञाला पत्राने कळवलं.

सरळ मार्गाने जायचं तर वर्गमूळापर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहायचं. ४६३४० चा वर्ग आपल्या संख्येच्या जरा आत पडतो, ४६३४१ चा बाहेर. तिथपर्यंत जवळपास पावणेपाच हजार मूळ संख्या आहेत, म्हणजे तितके भागाकार. ऑयलरने आधी विचारलं, भाग जाणारच असेल तर तो कसल्या संख्येने जाऊ शकतो? वरचं २०४७ चं उदाहरण परत पाहा. घात ११, त्याची दुप्पट २२. विभाजक २३ म्हणजे २२ + १. दुसरा विभाजक ८९ म्हणजे चार वेळा २२, आणि १. हा योगायोग नाही. फर्माच्या प्रमेयावरून सिद्ध होतं की अशा संख्येचा विभाजक घाताच्या दुपटीच्या पटीत एक मिळवूनच मिळतो. शिवाय ८ ने भागल्यावर त्याची बाकी १ किंवा ७ च उरते. २३ ची बाकी ७, ८९ ची १. दोन्ही अटी ३१ ला लावल्या की २४८ ने भागल्यावर १ किंवा ६३ बाकी उरणाऱ्या संख्याच शिल्लक राहतात. ४६३४० पर्यंत त्या मोजल्या तर १ आणि ६३ सोडून ३७२ भरतात. त्यांतल्या बहुतेक स्वतःच फुटणाऱ्या. त्या गाळल्या की शंभरसुद्धा भरत नाहीत. पहिल्या दहा घेऊन पाहा : २४९, ३११, ४९७, ५५९, ७४५, ८०७, ९९३, १०५५, १२४१, १३०३. यांत मूळ संख्या दोनच, ३११ आणि १३०३. ३११ ने भागलं तर बाकी ३५. १३०३ ने भागलं तर बाकी २२६. असंच पुढे जायचं.

आता ती पाठकोऱ्या कागदांची चळत. ऑयलरची ही गोष्ट मी आठवीच्या वर्गात सांगितली तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, पण त्यांचा एखादा भागाकार चुकला असेल तर?" मला तो प्रश्न फार आवडला. उत्तर एकच होतं : आपण करून पाहू. मे महिन्याच्या सुट्टीत चार मुली आणि मी शाळेच्या पडवीत सकाळी सात ते नऊ बसलो. कॅल्क्युलेटर नव्हता. पहिले काही दिवस ३७२ मधल्या फुटणाऱ्या संख्या गाळण्यात गेले, मग भागाकार.

नियम एकच ठेवला : प्रत्येक भागाकाराला नवाचा ताळा. हल्ली ताळा करायची सवय मोडली आहे, म्हणून सांगते. संख्येतले अंक मिळवत एकच अंक उरेपर्यंत जायचं. २१४७४८३६४७ चे अंक मिळवले की ४६. ४ आणि ६ दहा. १ आणि ० एक. म्हणजे आपल्या संख्येचा ताळा १. भाजकाचा ताळा गुणिले भागाकाराचा ताळा, अधिक बाकीचा ताळा, हे सगळं शेवटी १ वर यायला हवं. नाही आलं तर कुठेतरी चूक आहेच.

चौथ्या-पाचव्या दिवशी २५४३ चा नंबर लागला. भागणारी मुलगी एकदम उभी राहिली. "बाई, भाग गेला! बाकी शून्य!" भागाकार ८४४४६९. बाकीच्या तिघी तिच्या कागदावर वाकल्या. माझ्याही पोटात क्षणभर गोळा आला, खोटं कशाला सांगू. दोनशे वर्षं ज्याला मूळ म्हणत आले, ती संख्या आमच्या पडवीत फुटली?

मी तिला ताळा घ्यायला सांगितला. २५४३ चे अंक मिळून १४, ताळा ५. ८४४४६९ चे ३५, ताळा ८. पाच आठे चाळीस, ताळा ४. यायला हवा होता १. जुळत नव्हता.

मग ओळ-ओळ तपासली. १७४४४ मधून १५२५८ वजा करताना तिने शतकाकडून उसना घेतला होता, पण शतकाच्या घरात तो वळता केला नाही. २१८६ च्या जागी २२८६ आले. वरून ७ उतरवून २२८६७, त्यातून आठ वेळा २५४३ गेले, खाली उरले २५२३. तिने घाईत ते २५४३ वाचले, आणखी एकदा भाग घातला, आणि शून्य. खरा भागाकार ८४४४६८ आणि बाकी १५२३. याचा ताळा घ्या : भागाकाराचा ७, पाच साते पस्तीस, त्याचा ८, बाकीचा २, बेरीज १०, ताळा १. जुळला.

ती मुलगी हिरमुसली नाही. तिने दोन्ही भागाकार एकाच कागदावर शेजारी शेजारी लिहिले, चुकीच्या उसन्याभोवती लाल गोल काढला, आणि कागद मला दिला. तोच हा वरचा कागद. सुट्टी संपायच्या आत यादी संपली. एकाही भाजकाने बाकी शून्य दिली नाही, आणि एकही ताळा जुळायचा राहिला नाही. त्या दिवशी चारही मुलींनी स्वतःच्या वहीत लिहिलं की ही संख्या मूळ आहे, आणि ते पुस्तकावर विसंबून लिहिलेलं नव्हतं.

ग्रंथपाल साहेब, आणखी एक गोष्ट आपल्याला आवडेल. आपल्याहून लहान सगळ्या विभाजकांची बेरीज जी संख्या स्वतःइतकी भरते तिला परिपूर्ण संख्या म्हणतात. २८ घ्या : १, २, ४, ७, १४, बेरीज २८. युक्लिडने सिद्ध केलं होतं की मर्सेनची प्रत्येक मूळ संख्या एक परिपूर्ण संख्या देते. आपल्या संख्येला २ च्या ३० व्या घाताने गुणलं की मिळते २३०५८४३००८१३९९५२१२८, आकडे १९. पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने १८११ मध्ये लिहिलं की याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडणार नाही, कारण या संख्या नुसत्या कुतूहलाच्या आहेत, उपयोगाच्या नाहीत, तेव्हा कोण कशाला शोधायला जाईल. १८७६ मध्ये फ्रान्सच्या ल्युकासने २ चा १२७ वा घात वजा १ मूळ असल्याचं दाखवलं आणि बार्लोचं पहिलं वाक्य खोटं ठरलं. दुसरं वाक्य खोटं ठरायला विसावं शतक लागलं.

संगणकाला फासे टाकल्यासारखे बेभरवशाचे आकडे हवे असतात. ते काढायची एक प्रसिद्ध रीत अशी : हातातल्या संख्येला १६८०७ ने गुणा, २१४७४८३६४७ ने भागा, बाकी हा पुढचा आकडा. छोट्या रूपात करून पाहा. १ पासून सुरुवात करा, ३ ने गुणा, ७ ने भागून बाकी घ्या : १, ३, २, ६, ४, ५, मग पुन्हा १. एकही आकडा न गाळता सगळे येऊन गेले. तेच ७ ऐवजी ८ घेऊन करा : १, ३, १, ३. दोनच आकड्यांत अडकलं. ७ मूळ आहे, ८ नाही. आणि ३ हा गुणकही विचार करून निवडलेला आहे. १६८०७, म्हणजे ७ चा पाचवा घात, तसाच निवडलेला. त्यामुळे २१४ कोटींहून अधिक आकडे येऊन जाईपर्यंत एकाचीही पुनरावृत्ती होत नाही. ऑयलरने सिद्ध केलेली गोष्ट खरी नसती तर ही रीत अशी चालली नसती.

तुमच्या यादीसारखाच पेच घड्याळांचाही आहे. पुष्कळ जुन्या यंत्रणा १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद अशाच ३१ घरांत मोजतात. १९ जानेवारी २०३८ रोजी, मंगळवारी, आपल्या वेळेप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी ती घरं भरतील. मोठ्या रकान्यांकडे जाण्याचं काम बऱ्याच ठिकाणी झालेलं आहे. नव्या रीतीत ६३ घरं असतात. ती जागा प्रचंड, पण ती भरल्यावर येणारी संख्या मूळ नाही. ६३ ला ३ ने भाग जातो, म्हणून तिला ७ ने भाग जातो.

पत्र दुसरे

बाई, माझा आणि आजीचा मोबाइल नंबर मूळ संख्या आहे का? दोन्ही नंबर सोबत लिहिले आहेत. आणि आजवर सापडलेली सगळ्यांत मोठी मूळ संख्या कोणती?
— इयत्ता नववी, देवरुख

उत्तर

मोठ्या संख्येचं आधी सांगते. २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १. ही २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर झाली आणि तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. म्हणजे मर्सेनच्याच घराण्यातली, वरच्या पत्रातल्या संख्येची फार पुढची बहीण. हे लिहीपर्यंत तरी याहून मोठी माझ्या वाचनात नाही.

तुमचे नंबर मी इथे छापणार नाही. तुझ्या नंबरातले अंक मिळवले तर ५१ येतात. ५१ ला ३ ने भाग जातो, म्हणून तुझ्या नंबरालाही जातो. तो मूळ नाही. वाईट वाटून घेऊ नकोस. दहा आकडी संख्यांमध्ये साधारण तेवीसांत एकच मूळ असते.

आजीचा नंबर जास्त रंगतदार आहे. तो सम नाही, शेवटी ५ नाही, अंकांच्या बेरजेला ३ ने भाग जात नाही. मग ७, ११ आणि १३ एकाच फटक्यात तपासायची युक्ती वापर. ७ × ११ × १३ = १००१, त्यावर ती आधारलेली आहे. संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाड आणि आळीपाळीने अधिक-उणे कर. वरच्या संख्येवर करून दाखवते : ६४७ − ४८३ + १४७ − २ = ३०९. आता फक्त ३०९ ला भागायचं. ७ ने बाकी १, ११ ने बाकी १, १३ ने बाकी १०. तिन्हींनी भाग जात नाही, म्हणजे आपल्या मोठ्या संख्येलाही जात नाही. आजीच्या नंबरावर मी हे केलं. तिथेही तिन्हींनी भाग जात नाही.

तिथून पुढे तुझं काम. दहा आकडी संख्येचं वर्गमूळ एक लाखाच्या आत असतं, आणि तिथपर्यंत ९५९२ मूळ संख्या आहेत. सगळ्या लागतीलच असं नाही, एकाने जरी भाग गेला की थांबता येतं. १७ पासून सुरू कर. भागाकार वहीत लिही, नुसती बाकी नको. आणि शून्य बाकी आली तर आजीला सांगण्याआधी नवाचा ताळा घे.